हेरातच्या सहाजणी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते शाळेत विज्ञान शिकवत. त्यांचे अनेक विद्यार्थी आज समोर बसले आहेत, तेव्हा त्यांची ओळख करून देण्याचं कारण नाही. प्रयोगाचं साहित्य कपाटात ठेवण्यासाठी नसतं, ते मुलांच्या हातात पडलं पाहिजे, या मतावर ते अखेरपर्यंत ठाम होते. त्या मताला धरूनच मी आजचा विषय निवडला आहे. अफगाणिस्तानातल्या हेरात शहरातल्या सहा शाळकरी मुली २०१७ साली रोबोटिक्सच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेल्या. त्या कशा गेल्या, तिथे काय घडलं आणि पुढे त्यांचं काय झालं, हे मला तुमच्यापुढे मांडायचं आहे. यातून माझं एकच म्हणणं आहे. मुलांची बुद्धी कुठल्याही देशात कमी पडत नाही. ती स्पर्धेच्या टेबलापर्यंत पोहोचते की नाही, हे मोठ्या माणसांच्या हातात असतं.

आधी स्पर्धेविषयी. अमेरिकेतले संशोधक डीन केमन यांचं नाव ‘सेगवे’ या दोनचाकी वाहनामुळे जगाला माहीत झालं. त्याआधी त्यांनी रुग्णाच्या शरीरात ठरलेल्या मात्रेत औषध सोडणारा, अंगावर बाळगता येणारा पंप तयार केला होता. खेळाडूंना मिळतं ते कौतुक विज्ञानात रमणाऱ्या मुलांना मिळत नाही, ही त्यांची खंत होती. म्हणून १९८९ मध्ये त्यांनी ‘फर्स्ट’ ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा भरवली. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या चळवळीला तिची वृत्ती दिली. जिंकण्यासाठी जीव तोडून खेळायचं, पण शेजारच्या संघाचा पाना हरवला तर आपला काढून द्यायचा, अशी ती वृत्ती. या संस्थेच्या प्रेरणेतून २०१७ मध्ये ‘फर्स्ट ग्लोबल चॅलेंज’ ही जागतिक स्पर्धा सुरू झाली. प्रत्येक देशाचा एकच संघ, मुलं साधारण १४ ते १८ वर्षांची, आणि सगळ्यांना साहित्याचं एकसारखं खोकं. पहिली स्पर्धा जुलै २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये झाली आणि तिला दीडशेहून अधिक देशांतली मुलं आली.

त्या वर्षीचा विषय होता पिण्याचं स्वच्छ पाणी. मैदानावर दोन रंगांचे चेंडू सोडलेले असत. निळे म्हणजे शुद्ध पाणी, नारिंगी म्हणजे दूषित. रोबोनं ते गोळा करायचे, रंग ओळखून वेगळे करायचे आणि ज्याच्या त्याच्या जागी टाकायचे. सामना काही मिनिटांचा. प्रत्येक बाजूला तीन देशांचे तीन संघ एकत्र खेळायचे आणि दर सामन्याला जोडीदार बदलायचे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. सकाळी ज्याच्याविरुद्ध खेळलो, त्याच्याच बरोबर दुपारी खेळायचं आहे हे मुलाला माहीत असतं. त्यामुळे दुसऱ्याचा रोबो बिघडावा असं त्याला मनातूनही वाटत नाही. उलट तो नीट चालावा, याची त्याला काळजी असते.

आता हेरातकडे येऊ. हे शहर अफगाणिस्तानच्या पश्चिमेला, इराणच्या सरहद्दीजवळ आहे. इथल्याच रोया महबूब यांनी २०१० मध्ये तिथे सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. मुली आणि स्त्रिया यांना संगणक शिकवण्यासाठी त्यांनी ‘डिजिटल सिटिझन फंड’ ही संस्था उभी केली. हा संघ त्या संस्थेनं घडवला. सहाजणींपैकी एक होती सोमाया फारुकी. तिच्या वडिलांचं मोटारदुरुस्तीचं गॅरेज होतं आणि लहानपणापासून ती तिथे त्यांच्या हाताखाली काम करत आली होती. आपल्याकडे गॅरेजवाल्याची मुलगी गॅरेजात किती वेळा दिसते, हा प्रश्न मनात असू द्या. मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

इतर देशांतल्या मुलांच्या हातात साहित्य वेळेवर पडलं. हेरातच्या मुलींचं खोकं मात्र कस्टम्समध्ये अडकलं. युद्धभूमीवर दहशतवादी यंत्रांचा वापर करत आहेत, अशी धास्ती त्या काळात होती. त्यामुळे मोटरी, तारा आणि नियंत्रक यांनी भरलेल्या त्या खोक्याकडे संशयानं पाहिलं गेलं. ते सुटेपर्यंत मुली स्वस्थ बसल्या नाहीत. हाताशी असलेल्या वस्तूंतून त्या छोटी यंत्रं करून बघत होत्या. खोकं मिळालं तेव्हा त्यांच्याकडे जेमतेम दोन आठवडे उरले होते. इतर काही संघांना चार महिने मिळाले होते.

दुसरी अडचण व्हिशाची. हेरातमध्ये अमेरिकेचा व्हिसा मिळण्याची सोय नव्हती. त्यासाठी सुमारे ८०० किलोमीटरवरच्या काबूलला जावं लागे आणि तो प्रवास सुरक्षित नव्हता. ३१ मे २०१७ रोजी काबूलच्या वकिलातींच्या परिसरात ट्रकबाँबचा भीषण स्फोट झाला होता आणि त्यात दीडशेच्या आसपास माणसं गेली होती. अशा दिवसांत आपल्या शाळकरी मुलींना तिथे पाठवायचं, हे त्या घरांनी कसं ठरवलं असेल? त्या गेल्या, मुलाखत दिली आणि व्हिसा नाकारला गेला. त्या पुन्हा गेल्या आणि पुन्हा नाकारला गेला. गांबियाच्या मुलांनाही आधी नकारच मिळाला होता. मग असं ठरलं की रोबो एकटाच वॉशिंग्टनला जाईल आणि त्याला घडवणाऱ्या मुली हेरातमध्ये बसून पडद्यावर त्याचा सामना बघतील. चेंडू वेचणाऱ्या यंत्राला सरहद्द ओलांडता येत होती, ते बनवणाऱ्या मुलींना येत नव्हती.

ही बातमी जगभर पसरली, टीका झाली आणि अखेर राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी लक्ष घातलं. मुलींना १० दिवसांसाठी खास प्रवेश मिळाला. १५ जुलैला मध्यरात्र उलटल्यावर त्या वॉशिंग्टनच्या विमानतळावर उतरल्या. लगेच दुसऱ्या दिवशी स्पर्धा सुरू होत होती.

इथे व्हिसा नाकारणाऱ्या वकिलातीची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्याच स्पर्धेत बुरुंडी या आफ्रिकी देशातून आलेली सहा मुलं शेवटच्या दिवशी बेपत्ता झाली. घातपाताची चिन्हं पोलिसांना आढळली नाहीत. त्यांतली दोघं कॅनडात पोहोचल्याचं कळलं. म्हणजे मुलं परत जाणार नाहीत ही भीती अगदीच निराधार नव्हती. तरीही मी म्हणेन की बुरुंडीच्या मुलांनी काय केलं, याचा जाब हेरातच्या मुलींना विचारता येत नाही. आणि एखाद्या देशातली सोळा-सतरा वर्षांची मुलं घराकडे पाठ फिरवत असतील, तर आधी त्या देशातल्या मोठ्यांनी आपण मुलांसमोर काय वाढून ठेवलं आहे याचा विचार केला पाहिजे. बुरुंडीत २०१५ पासून राजकीय हिंसाचारानं लाखो माणसं देशोधडीला लागली होती, हे विसरून त्या सहा मुलांचा न्याय करता येणार नाही.

आता स्पर्धेच्या सभागृहातलं दृश्य डोळ्यांसमोर आणा. अशा स्पर्धेत मैदानाइतकीच महत्त्वाची जागा म्हणजे ‘पिट’. प्रत्येक संघाला एक टेबल मिळतं. त्यावर पाने, पकडी, ॲलन की, केबल टाय, चार्ज होत असलेल्या बॅटऱ्या. सामना संपला की मुलं धावत टेबलाशी येतात. कुठे चेन सैल झालेली असते, कुठे मोटरची तार निसटलेली, कुठे चेंडू आत ओढणारा रोलर अडकलेला. पुढचा सामना ठरलेल्या वेळीच होणार असतो. तेवढ्या वेळात दोष शोधायचा, तो दूर करायचा आणि दोन मित्रदेशांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, खाणाखुणांनी डावपेच ठरवायचे. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जे शिकायला मिळत नाही ते या टेबलाशी काही तासांत शिकायला मिळतं. कारण इथे चूक झाली तर गुण कापले जात नाहीत. यंत्र थांबतं, आणि ते का थांबलं हे आपल्यालाच शोधावं लागतं.

त्या सभागृहातल्या आणखी दोन संघांविषयी सांगते. निर्बंधांमुळे इराणच्या मुलांना साहित्याचं खोकं पाठवताच येईना. तेव्हा अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी त्यांचा रोबो बांधायला हातभार लावला. दोन्ही देशांच्या सरकारांचं एकमेकांशी पटत नव्हतं, पण मुलांचं काम अडलं नाही. दुसरा संघ आपला. भारताकडून मुंबईचे सात विद्यार्थी आले होते. अभियांत्रिकी रचनेसाठी असलेल्या झांग हेंग पुरस्काराचं सुवर्णपदक त्यांना मिळालं, शिवाय सामन्यांतलं कांस्यपदकही. झांग हेंग हा दुसऱ्या शतकातला चिनी शास्त्रज्ञ, भूकंपाची नोंद घेणारं यंत्र करणारा. मुंबईच्या मुलांचं हे यश निखळ गुणवत्तेचं आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटलाच पाहिजे. पण मुंबईची मुलं आणि हेरातच्या मुली यांना एकसारखे सुटे भाग आणि एकच कोडं मिळालं होतं. फरक होता तो सराव करायला मिळालेल्या वेळात, शाळेत, घरात आणि विमानतळापर्यंतच्या रस्त्यात. यातलं काहीही मुलांनी स्वतः निवडलेलं नव्हतं.

हेरातच्या संघाला ‘धाडसी कामगिरी’साठीचं रौप्यपदक मिळालं. त्याच गटातलं सुवर्ण दक्षिण सुदानला आणि कांस्य ओमानला मिळालं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तो योग्यच होता. तरी या पदकावर थोडं थांबायला हवं. धाडसाचं पदक घ्यायला त्या मुली आल्या नव्हत्या. त्या चेंडू वेगळे करणारं यंत्र घेऊन आल्या होत्या आणि त्या यंत्राकडे यंत्र म्हणून पाहिलं जावं, हा त्यांचा हक्क होता. अडचणींतून आलेल्या मुलांचं आपण त्यांच्या अडचणींबद्दल इतकं कौतुक करतो की त्यांच्या कामाची बारकाईनं तपासणी करायचं विसरतो. आपल्याकडेही दुष्काळी भागातली किंवा आश्रमशाळेतली मुलगी विज्ञान प्रदर्शनात उभी राहिली की आपण तिला विचारतो, ‘बाळ, एवढ्या लांबून आलीस?’ तिला विचारायला हवं, ‘हा गिअर इथे का बसवलास?’ या प्रश्नात तिच्या कामाचा मान आहे.

हेरातच्या मुलींना हा मान लवकरच मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एस्टोनियाच्या टॅलिन शहरात ‘रोबोटेक्स’ या युरोपातल्या मोठ्या रोबोटिक्स महोत्सवात त्यांनी उद्योजकतेची स्पर्धा जिंकली. त्यांचं यंत्र शेतकऱ्यांच्या मदतीसाठी होतं, सौरऊर्जेवर चालणारं. पण या दोन स्पर्धांच्या मधल्या काळात त्यांच्यावर घाव बसला होता. वॉशिंग्टनहून परतल्यावर दोनच आठवड्यांत, १ ऑगस्ट २०१७ रोजी, हेरातमधल्या शियापंथीयांच्या मशिदीवर आत्मघातकी हल्ला झाला. त्यात संघाच्या कर्णधार मुलीचे वडील गेले. मुलीला सातासमुद्रापार पाठवायला तयार झालेला तो बाप होता. टॅलिनच्या मंचावर ही मुलगी उभी राहिली, तेव्हा त्या घटनेला चार महिनेही झाले नव्हते.

आता २०२० सालाकडे. या मुलींच्या शिक्षणाचं खरं फळ मला वॉशिंग्टनच्या पदकापेक्षा इथे दिसतं. करोनाची साथ आली तेव्हा हेरातला मोठा फटका बसला, कारण इराणमधून हजारो अफगाण मजूर त्याच वाटेनं परतत होते. देशात व्हेंटिलेटर मोजकेच होते. सोमाया फारुकी आता संघाची कर्णधार होती. तिनं आणि मैत्रिणींनी एमआयटीनं सर्वांसाठी खुला केलेला एक आराखडा घेतला. त्याची कल्पना समजायला सोपी आहे. रुग्णवाहिकेत तुम्ही अंबू बॅग पाहिली असेल. रबरी फुग्यासारखी पिशवी, हातानं दाबली की रुग्णाच्या फुप्फुसात हवा जाते. माणसाचा हात तासन्‌तास एकाच लयीत ती दाबू शकत नाही. ते काम यंत्राच्या दोन दांड्यांनी करायचं, एवढीच कल्पना. पण दाब जास्त झाला तर फुप्फुसाला इजा होते, कमी झाला तर प्राणवायू पुरत नाही. वेग चुकला तर रुग्णाचा श्वास आणि यंत्राचा श्वास यांचा मेळ बसत नाही. पिशवी एकाच जागी चेपली जात राहिली तर फाटते. म्हणजे कल्पना सोपी असली तरी ती बिनचूक वठवणं फार अवघड होतं.

सुटे भाग आणायचे कुठून? टाळेबंदी होती आणि दुकानं बंद होती. त्यांनी टोयोटा गाडीच्या वायपरची मोटर घेतली, मोटरसायकलची चेन घेतली, बॅटरी घेतली. वायपरच्या मोटरीत ताकद असते आणि एकच फेरा पुन्हापुन्हा न थकता मारायची तिला सवय असते. जी मुलगी गॅरेजात वाढली, तिला कुठल्या गाडीतला कुठला भाग काय करू शकतो हे ठाऊक असतं. सोमायाचे वडील मुलींना गाडीत घेऊन पोलिसांचे नाके चुकवत आडवाटेनं कार्यशाळेत सोडत. जुलै २०२० मध्ये त्यांनी तयार नमुना सादर केला. त्याचा खर्च सुमारे ७०० डॉलर होता. बाजारातल्या व्हेंटिलेटरची किंमत २० हजार डॉलरच्या घरात होती.

तीन वर्षांपूर्वी चेंडू वेचणारा रोबो करताना सोमाया मोटर, चेन, गिअर आणि नियंत्रक यांची जोडणी शिकली होती. तेच ज्ञान इथे माणसाच्या श्वासासाठी कामाला आलं. रोबोटिक्सच्या स्पर्धा म्हणजे श्रीमंत शाळांचे महागडे खेळ, अशी टीका आपल्याकडे होते. फी, प्रवास, साहित्य यांचा खर्च पाहिला तर ती अगदी खोटी नाही. पण तिचं उत्तर खेळ बंद करणं हे नव्हे. तो खेळ गरिबाच्या मुलीपर्यंत नेणं, हे उत्तर आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबाननं काबूल घेतलं. तोवर मोठ्या झालेल्या या संघातल्या काहीजणी कतारला पोहोचल्या, पाचजणींना मेक्सिकोनं आश्रय दिला, काही देशातच राहिल्या. मार्च २०२२ मध्ये शाळा उघडण्याच्या दिवशी सहावीच्या पुढच्या मुलींना दारातून परत पाठवण्यात आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांना विद्यापीठांचीही दारं बंद झाली. सोमाया फारुकी सप्टेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर आपल्या देशातल्या मुलींच्या शिक्षणासाठी बोलली. ज्या मुलींनी व्हेंटिलेटर केला, त्यांच्या धाकट्या बहिणींना आज सातवीचं पुस्तक हातात धरून वर्गात बसता येत नाही. एका पिढीनं उभं केलेलं काम मोठी माणसं एका हुकुमानं कसं पुसून टाकू शकतात, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

श्रोतेहो, हे ऐकून हळहळ वाटणं स्वाभाविक आहे. पण नुसती हळहळ वाटून घेण्यासाठी मी इथे आलेली नाही. आपल्या देशात मुलींना शाळेत जायला बंदी नाही. मग आपण काय करतो?

२०१६ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून देशभरात सुमारे १० हजार शाळांत ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभ्या राहिल्या. प्रत्येक शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळालं. सहावी ते बारावीच्या मुलांनी तिथे सेन्सर, मोटर, थ्रीडी प्रिंटर हाताळावेत, असा हेतू. अशा ५० हजार प्रयोगशाळा पाच वर्षांत आणखी उभारण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. हेरातच्या मुलींकडे यातलं काही नव्हतं. काही शाळांत या लॅबचा उत्तम उपयोग होतो, तिथले शिक्षक सुट्टीच्या दिवशीही येऊन बसतात. पण अशाही शाळा मी पाहिल्या आहेत जिथे लॅबला कुलूप असतं. साहित्य बिघडेल, हरवेल, तपासणीत उत्तर द्यावं लागेल, या भीतीनं ते खोक्यातच ठेवलेलं असतं. हेरातचं खोकं कस्टम्समध्ये अडकलं होतं. आपलं खोकं आपल्याच शाळेच्या कपाटात अडकतं, आणि ते सोडवायला कुणा राष्ट्राध्यक्षानं लक्ष घालण्याची गरज नसते.

आणि लॅब उघडी असली, तरी सोल्डरिंग गन कुणाच्या हातात असते? संघात मुलगी असेल तर तिला बहुतेक वेळा चार्ट रंगवण्याचं आणि सादरीकरणाचं काम मिळतं. यंत्र खोलायचं काम मुलांकडे जातं. तिला कुणी नाही म्हणत नाही, पण पानाही हातात देत नाही. मघाशी गॅरेजवाल्याच्या मुलीचा प्रश्न मी तुमच्या मनात ठेवायला सांगितला होता, तो यासाठी. सोमायाचं यंत्राचं ज्ञान वॉशिंग्टनला जाऊन सुरू झालं नाही. ते वडिलांनी तिला गॅरेजात उभं राहू दिलं, त्या दिवशी सुरू झालं.

म्हणून जाता जाता तीन विनंत्या करते. इथे शाळांचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक आहेत. उद्या शाळेत गेल्यावर लॅबची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा आणि ती विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्या. बिघडलेल्या साहित्याचा जाब मुलांना विचारणार नाही, हे त्यांना लेखी कळवा. दुसरी विनंती पालकांना. मुलगी स्पर्धेला परगावी जायचं म्हणते तेव्हा ‘बघू’ म्हणून विषय संपवू नका. ८०० किलोमीटर दूरच्या धोक्याच्या शहरात मुलींना दोनदा पाठवणारी घरं हेरातमध्ये होती. तिसरी विनंती या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना. ज्या शिक्षकांचं आपण स्मरण करतो, त्यांच्या नावानं दरवर्षी तालुक्यातल्या एका तरी शाळेच्या संघाचा स्पर्धेचा प्रवासखर्च उचला, आणि त्या संघात निम्म्या मुली असाव्यात अशी अट घाला. व्याख्यान एका संध्याकाळी संपतं. ही मदत मिळालेली मुलं पुढची अनेक वर्षं काम करतील. त्या कामासाठी माझ्याकडून पहिली वर्गणी आजच स्वीकारा.